मी नको म्हणत होतो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. वडील — आप्पा — मंद्रूपच्या तालमीत पैलवानांना मालिश करायचे. मी फिजिओथेरपीची पदवी घेतली, सोलापुरात दवाखाना टाकला. त्याचा गर्व होता. आजही आहे. खोटं कशाला बोलू?

वळसंगची रेश्मा, कॉलेजकडून धावणारी, नडगी दुखते म्हणून आली. आप्पा त्या दिवशी दवाखान्यात बसले होते. "कुटं दुखतंय, दाव की," म्हणाले. तिनं एक बोट ठेवलं. तालमीतला त्यांचा ठोकताळा होता — दुखणं तळहात फिरवून दाखवलं तर मांसाचं, एकच बोट टेकवलं तर हाडाचं. त्यांनी त्या जागी अंगठा दाबला. ती कळवळली. "हाड हाय, पोरी. चोळायचं न्हाय, पळायचं न्हाय. म्हयनाभर."

मी हसलो. "आप्पा, ही तालीम नाही." तिच्यासमोर म्हणालो.

मग वीस मिनिटं पोटरी मोकळी केली. ती उठली, जागेवर उड्या मारल्या — "सर, लई हलकं वाटतंय!" वाटणारच. हातानं दुखणं थोडा वेळ दबतं, पाय सैल होतो, पळणाऱ्याला वाटतं वेग आला. पण हाड त्यानं सांधतं का? दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः अंगठा लावून पाहिला. आणि — हो, कळलं मला. एक्स-रे काढ, एवढंच म्हणायचं होतं. पण मग आप्पा बरोबर ठरले असते ना? मी पोटरीच चोळत राहिलो.

आठशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर ती खाली बसली. नडगी मोडली होती.

तिचे वडील दवाखान्यात आले. आप्पा होतेच. "सर, आसं कसं झालं वो?" आणि मी काय म्हणालो? म्हणालो — "आप्पांनी तिथंच जोरात दाबलं होतं. तेव्हाच चीर पडली असणार. मी नको म्हणत होतो."

"व्हय का वो, म्हातारबा?"

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. अनोळखी माणसाला कुठं पाहिलंय ते आठवावं, तसे. "दाबलं व्हतं की," एवढंच म्हणाले.

गावभर झालं. तालमीत त्यांच्यापुढं पाय करणारं कुणी उरलं नाही. रेश्मा पळत नाही. माझा दवाखाना चालतो.

आप्पांचे गुडघे आता धरलेत. सोलापुरातच दुसऱ्याकडे जातात — माझ्याच वर्गातला तो. आडनाव वाचून त्यानं परवा फोन केला. "तुझेच वडील का रे हे? मुलगा काय करतो विचारलं, तर म्हणाले, शेती."

मी म्हणालो, दुसरे कुणी असतील.