भुयारापाशी नाव घेऊ नये

"बसून घ्या, बसून घ्या! साहेब, तुम्हीसुद्धा. टोपी उडाली तरी चालेल, पण उभं राहायचं नाय."

मांडवीच्या धक्क्यावरून निघालेली होडी भगवतीच्या किल्ल्याला वळसा घालून कड्याखाली आली, की हरिश्चंद्र तांडेल असं सुरू करी. मग वल्ही पाण्याबाहेर काढून आडवी धरी. आवाज एकदम खाली आणी.

"ते बघा. भुयार."

कड्याच्या पायथ्याशी काळं तोंड उघडं पडलेलं असे. लाट आत शिरे, बराच वेळ आतच राही, आणि मग कुणी चूळ भरून टाकावी तशी बाहेर येई.

"आता कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाय हां. इथं नाव घेतलं की ते आत राहतं."

"आणि मग?" एखादी बाई पदर घट्ट आवळून विचारीच.

"मग काय? ज्याचं नाव, त्याला आज ना उद्या समुद्र बोलावतो."

होडी चिडीचूप. रडकं पोरही तोंडातला अंगठा काढत नसे. आगबोटीनं नाहीतर आंबा घाटातून मोटारीनं आलेली ही मंडळी. थिबा राजाचा रिकामा वाडा टांग्यातून पाहून झालेला, भाट्याच्या वाळूत पाय भिजवून झालेले. पण घरी जाऊन ती सांगत काय, तर हे भुयार. आणि हरिश्चंद्र तांडेल.

खरी गोष्ट अशी, की भुयाराची ही कहाणी त्यानंच रचलेली होती.

फार पूर्वी एक लग्नघरची मंडळी त्याच्या होडीत होती. भुयारात आवाज घुमतो म्हटल्यावर सगळी एकदम उभी राहिली आणि एकमेकांच्या नावानं बोंबलायला लागली. होडी कलंडली. हिरव्या चुड्याचा एक हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. हरिश्चंद्रानं होडी सावरली. पैसे देऊन आलेल्या पाहुण्यावर ओरडता येत नाही. घाबरवता मात्र येतं. दुसऱ्या खेपेला त्यानं घाबरवलं, आणि माणसं अशी बसली की जणू खिळे मारून बसवली.

मग गोष्ट वाढत गेली. कोणी विचारलं, "आत गेलेलं नाव सोडवता येत नाही का हो?" की तो पापणी न लववता सांगे, "येतं की. बदली आपलं नाव द्यायचं. आणि भुयारानं आपल्याला नावानं हाक मारली, की ओ देऊन पुढं व्हायचं. मागं बघायचं नाय."

शेजारचा होडीवाला बाबू हीच गोष्ट आपल्या होडीत सांगू लागला. देवळाच्या पायऱ्यांवर ती सांगितली जाऊ लागली. मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या वाडीतल्या बायका भुयाराच्या बाजूला कालवं काढायला जाईनाशा झाल्या. एके दिवशी हरिश्चंद्र घरी आला, तर त्याची बायको यमुनाबाई जाळ्याची फाटकी बाजू पुढ्यात घेऊन शेजारणीला तेच सांगत होती.

शेजारीण गेल्यावर तो हसत सुटला. "अगो, ती गोष्ट माझी. मी बनवली. पाहुण्यांनी गप बसावं म्हणून."

यमुनाबाईनं सुई थांबवली. "तुम्ही बनवली?"

"मग कोणी?"

"आणि तुमच्या तोंडात कोणी घातली ती?"

हरिश्चंद्राचं हसणं तिथंच मोडलं. म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाय."

बाकी संसार गोडीचा. एक मुलगी, गोदा, राजापूरकडे दिलेली. यमुनाबाई जिभेची तिखट, पण नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नाही. यात नवल नाही, त्या काळी कोणती बाई नाव घेई? उखाण्यात तरी घेत. यमुनाबाई उखाण्याची वेळ आली की पाणी आणायला म्हणून निघून जाई.

तो तिला डिवची. "एकदा घेऊन तर बघ."

"जीभ झडेल माझी."

"आई गेली आणि मला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाय बघ. वाडीला मी तांडेल, पोरीला बाबा, तुला 'अवो'."

"अवो काय वाईट आहे? हाकेसरशी येता ना जेवायला?"

त्या वर्षी गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ज्येष्ठ लागला होता. वारा फिरू लागला होता, आणि वाडीतल्या बहुतेक होड्या वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवल्या होत्या. हरिश्चंद्र शेवटची एक खेप करणार होता. मुंबईच्या कॉलेजातली चार मुलं, पुढच्या बोटीनं परत जाणारी.

मुलं होडीत बसली, आणि धक्क्यावरून हाक आली. "बाबा, चंची विसरलात!"

आठवा सरून गेलेली गोदा, एक हात कमरेवर, दुसऱ्यात पानतंबाखूची चंची.

"गोदे! या दिवसात धक्क्यावर कशाला आलीस गो? पाय घसरला म्हणजे?"

"आयेनं पाठवलं नाय, मीच आले. घरात बसून जीव आंबलाय."

"जा घरी, गोदे. सावलीनं जा."

मुलांतला एक चष्मेवाला हसून म्हणाला, "तांडेल, मुलगी का? छान आहे नाव."

कड्याखाली पाणी त्या दिवशी निराळंच होतं. वर तेलासारखं गुळगुळीत, आणि खालून काहीतरी कूस बदलावी तसं होडीला उचलणारं. हरिश्चंद्रानं नेहमीची गोष्ट सांगितली. तीन मुलं गप्प बसली. चष्मेवाला मात्र गालात हसत होता.

"तांडेल, तुम्ही स्वतः मानता हे?"

बाकीचे तिघे ऐकत होते. हरिश्चंद्र म्हणाला, "मानल्याशिवाय सांगतो काय?"

"मग प्रयोगच करू." मुलानं दोन्ही हात तोंडाशी धरले. तो उभासुद्धा राहिला नाही. बसल्या जागेवरून, अगदी शहाण्यासारखा, तो भुयाराकडे ओरडला, "गोदाऽऽ!"

भुयारानं ते नाव घेतलं. लाट आत गेली आणि आतच राहिली. बाहेर येताना तिनं नाव परत आणलं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि शेवटचा तुकडा आलाच नाही.

"बघा, काही झालं का?" मुलगा टाळी देत म्हणाला. मग त्याची नजर तांडेलाच्या तोंडाकडे गेली आणि हात तसाच वर राहिला. "चिडलात का? अहो, गंमत केली."

हरिश्चंद्रानं वल्ही पाण्यात टाकली. होडी वळवली. सगळ्या मुलखात ही गोष्ट खोटी आहे हे पक्कं ठाऊक असलेला तो एकटा माणूस, आणि परतीच्या वाटेवर तोच त्या शेवटच्या तुकड्यासाठी कान लावून होता.

घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. पण यमुनाबाईच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. तो गोदाला विहिरीकडे जाऊ देईना. ती झोपली की उशाशी बसून तिचा श्वास ऐके. हाक मारायची तर "पोरी" म्हणे.

"लेकीला नावानं का हाक मारत नाय तुम्ही?"

"मारतो की."

"मारा बघू आता."

तो उठून अंगणात गेला.

आणि होडी त्यानं शाकारली नाही. सगळ्यांच्या होड्या झावळ्यांखाली पोट वर करून पडलेल्या. याची मात्र वाळूवर तशीच, तोंड पाण्याकडे.

बाबूनं विचारलं, "तांडेल, समुद्र खवळला. होडी वर नाय घ्यायची?"

"राहू दे अजून."

"कोणासाठी?"

"राहू दे म्हटलं ना मेल्या!"

गोदाच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा माडांचे शेंडे एकाच दिशेला वाकले होते. वाडीची सुईण तुळसा आली. दुपार कलली. सुटका होईना. आतून गोदाचा आवाज येत होता तोवर बरं होतं, मग तो यायचाही थांबला.

तुळसा दारात आली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं. "पोर आडून बसलंय."

"मोटार सांगू? दवाखान्यात..." यमुनाबाई म्हणाली.

"आता हलवायची नाय. देवाचं नाव घ्या."

यमुनाबाईनं ओटीवर पाहिलं. हरिश्चंद्र उभा होता, अंगात बंडी नव्हती.

"तिचं नाव भुयारात गेलंय," तो म्हणाला.

"काय?"

"त्या चष्मेवाल्यानं मारली हाक. माझ्यासमोर. मी गप बसलो."

यमुनाबाईनं दाराची चौकट धरली. "पण तुम्हीच म्हणालात, ती गोष्ट तुम्ही बनवली. खोटी."

"आणि तू काय म्हणालीस, आठवतं? माझ्या तोंडात कोणी घातली म्हणून?"

"मी आपलं बोलले! अवो, तोंडाला आलं ते बोलले मी!"

आतून तुळसा ओरडली, "यमुने, गरम पाणी! लवकर!" यमुनाबाई आत धावली. पाणी देऊन बाहेर आली तर ओटी रिकामी होती. भिंतीला टेकवलेली वल्ही नव्हती.

ती परत आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. लेक की नवरा, तिला कळेना. तुळसानं तिचा हात ओढून गोदाच्या पाठीशी बसवलं. "धर हिला. घट्ट धर. आता सोडलंस तर दोघांना सोडलंस."

तिनं धरलं. किती वेळ, कोण जाणे. मग एक ओलं, रागावलेलं रडू घरभर पसरलं.

"मुलगी!" तुळसा हसत-रडत म्हणाली. "आणि आईपण धड आहे. अगो, जा, गोदाच्या बापाला सांग जा!"

यमुनाबाई धावली. तिन्हीसांजा होत होत्या. वाळूवर होडी नव्हती. ती पाण्यात ओढल्याची नुसती खूण होती. यमुनाबाई किल्ल्याच्या वाटेनं चढली. पायांत काटे गेले ते तिला नंतर कळलं. कड्याच्या टोकाशी येऊन, भुयाराच्या बरोबर वर, ती जमिनीवर पालथी पडली आणि खाली वाकून पाहिलं.

होडी तिथंच होती. लाटांवर वर जात होती, खाली जात होती. हरिश्चंद्र भुयारापासून जरा दूर, वल्ही मारत होडी कशीबशी एका जागी धरून बसला होता. त्याचं तोंड उघडमीट होत होतं. काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं, पण तिला कळलं. आपलं नाव देत होता.

"अवोऽऽ! गोदी सुटली! अवो, या परत!"

वाऱ्यानं ते तिच्या तोंडापासूनच उचलून नेलं. तो हलला नाही.

"अवोऽऽ!"

किनाऱ्यावरची प्रत्येक बायको 'अवो' म्हणते. त्या गर्जनेत ते कोणाला कळणार? आणखी दोन लाटा, मग होडी धरवणार नाही, हे तिला खारव्याची लेक म्हणून दिसत होतं. तेव्हा यमुनाबाईनं डोळे मिटले, आणि आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"हरिश्चंद्राऽऽ!"

नाव कड्यावरून खाली गेलं. समोरच्या खडकावर आपटलं, भुयारात शिरलं, आणि मोठं होऊन बाहेर आलं.

तो दचकून ताठ झाला. यमुनाबाईचा जीव भांड्यात पडला. ऐकलं, तिला वाटलं, ऐकलं त्यांनी!

"ओऽऽ!" तो खालून ओरडला. स्वच्छ ऐकू आलं.

पण त्यानं वर पाहिलंच नाही. पाहत होता तो भुयाराकडे. त्या आवाजात आपलं नाव त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तो ओळखणार कसा? त्यानं होडीचं तोंड वळवलं, वल्ही दोनदा नीट ओढली, आणि आत जाणाऱ्या लाटेबरोबर तोही आत गेला.

लाट बराच वेळ आतच राहिली.

सकाळी, पांढरा समुद्र म्हणतात त्या पलीकडच्या किनाऱ्यावर एक वल्हं सापडलं आणि होडीची फळी. बाकी काही नाही.

वाडीनं अर्थ लावला तो सरळ होता. बापानं नाव दिलं, लेकीचं सोडवलं. भुयारानं हाक मारली, त्यानं ओ दिली. चुकलेली शेळी शोधायला पलीकडच्या खडकांवर गेलेल्या कोणीतरी ती हाक कानांनी ऐकली होती. गोदा तान्हीला कुशीत घेऊन रडायची. "आये, माझ्यामुळं गेले ना गो?"

नाही, असं यमुनाबाईला सांगता आलं असतं. तू आधीच सुटली होतीस, पोर रडलं होतं, मगच ते गेले. पण हे सांगितलं, की पुढचा प्रश्न आला असता. मग हाक कोणी मारली? म्हणून ती लेकीच्या डोक्यावर नुसता हात ठेवी.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात आल्या. आगबोट आली, पाहुणे आले. बाबू आता कड्याखाली वल्ही आडवी धरून सांगे, "इथं एक तांडेल होता. हरिश्चंद्र नावाचा. आता नाव घेतो, कारण ते आधीच आत आहे." आणि धक्क्यावर उतरल्यावर तो पाहुण्यांना माडाखाली बसून शहाळी विकणारी बाई दाखवी.

एकदा एक नवी नवरी तिच्यापाशी येऊन उभी राहिली. हिरवा चुडा, डोळे मोठे झालेले. शेजारी गोदा मुलीला पायांवर घेऊन बसली होती.

"अहो, खरंच का? भुयारानं तुमच्या यजमानांना नावानं हाक मारली?"

यमुनाबाईचा कोयता शहाळ्यावर थांबला. गोदानं मान वर केली.

"मला काय माहीत, बाय," यमुनाबाई म्हणाली. "मी त्यांचं नाव कधी घेतलं नाय."

आणि तिनं कोयता मारला.