धाकल्या मामाला दोनदा गाळलं त्याची गोष्ट

सुप्याच्या मुमताज भाभी धावून आल्या म्हणून माझ्या बहिणीचं लग्न लागलं. मोडायची सगळी तयारी मी एकट्यानं केली होती.

भाभी म्हणजे माझ्या घरमालकांच्या सूनबाई. सुप्यात कंप्युटरचा क्लास घेतात. मी पाथर्डीकडचा, नववीत शाळा सुटलेला, इथं कंपनीत पॅकिंगला. घर लांब, सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठते. म्हणून भाभींनी मला मोबाईलवरच प्रोग्राम लिहायला शिकवलं. (त्यांनी नीटच शिकवलं. शिकलो मात्र मी!)

सुमीचं लग्न साखरपुड्यातच उरकायचं ठरलं. पत्रिका छापायला वेळ नव्हता. आबांनी भावकीत जाहीर केलं, "आवतनं आपला बाळ्या कंप्युटरनं धाडतोय!" मी फुगलो. यादी केली, आधी चार मामा, मग बाकीचे पाहुणे. प्रोग्राम सोपा: एकेकाला मेसेज पाठवायचा आणि पाठवला की ते नाव यादीतून लगेच उडवायचं, म्हणजे कुणाला दोनदा जायला नको. चालवला. स्क्रीनवर 'काम फत्ते' आलं. (ती ओळ मीच लिहिलेली. काहीही झालं तरी तीच येणार!)

दुसऱ्या दिवशी मिरजगावहून थोरल्या मामाचा फोन. "बाळ्या, मला आवतन हाय, तीन नंबरच्याला हाय. दोन नंबरच्याला न्हाई, धाकल्याला न्हाई. भावाभावांत भांडनं लावतो व्हय रं?"

बघतो तर निम्मी नावं यादीत तशीच! नेटवर्क गेलं असेल म्हणून मी तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. काम फत्ते! यावेळी दोन नंबरच्या मामाला मेसेज गेला. धाकला पुन्हा कोरडा.

आता धाकला मामा म्हणजे साधा मामा नव्हे. आई-आबा ऊसतोडीला जायचे तेव्हा मला आणि सुमीला त्यानंच सांभाळलं. सुमीला बोहल्यावर आणायचा मान त्याचा. मी घाबरत फोन लावला.

"मामा, चूक झाली..."

"एकदा गाळलं तर चूक. तू दोनदा गाळलं! तिघांना बोलावलं आन मीच नको झालो. आता कंप्युटरलाच सांग, सुमीला बोहल्यावर आन म्हनावं." फोन कट.

मग सुमीचा फोन. ती ओरडली नाही, तेच वाईट. "दादा, मामा आला न्हाई तर मी हळद लावून घेत न्हाई."

मागून आबा गरजले, "ह्याला साळंतनं काढला तवाच कळाया पायजे हुतं!" (काढला त्यांनीच.)

मी धावत भाभींकडे. त्यांनी प्रोग्राम वाचून कपाळाला हात लावला. "लाव मामांना फोन. मी बोलते."

मामानं अनोळखी बाईचा आवाज ऐकून फोन आपटला नाही, एवढंच नशीब.

"मामा, पंगत बसलीय समजा. तुमचा भाचा वाढपी. पहिल्या पाटावर वाढलं की तो माणूस लगेच उठतो आणि मागचे सगळे एकेक पाट पुढं सरकतात. दुसरा आला पहिल्या पाटावर. आणि हा बावळट जातो दुसऱ्या पाटाकडे! तिथं बसलाय तिसरा. मधला उपाशी."

फोन स्पीकरवर होता. मामानं विचारलं,

"आन मी?"

"तुम्ही चौथे. उरलेल्यांच्या पंगतीत दुसरे. दोन्ही पंगतींत उपाशी."

मामा खदखदून हसला. "म्हंजे बाळ्याचा राग न्हाई, त्याला वाढताच येत न्हाई! येतो. पर आवतन पायजेच, आन ते त्याच्याच कंप्युटरवरनं!"

भाभींनी समोर बसवून दुरुस्ती करून घेतली. आधी यादीची नक्कल काढायची. मेसेज पाठवायचे नकलेवरून, नावं उडवायची मूळ यादीतून. मग मूळ यादीत कितीही उठाबशा होऊ देत, नकलेतलं कुणी जागचं हलत नाही. बटण दाबलं. पाठोपाठ मामाचा फोन, "आलं रं आलं!"

लग्न लागलं. भाभी, तुमच्या लेकीच्या लग्नात हे उपकार फेडणार बघा. मांडव घालीन, पाणी भरीन, आवतणं पायी फिरून देईन. फक्त वाढायला मला उभं करू नका!