नमुन्याचं घोंगडं

आमचं घोंगड्यांचं दुकान सोलापूरच्या नव्या पेठेत होतं. पुढे गादीवर माझे सासरे, म्हणजे मामंजी, बसत. मागच्या खोलीतला माल माझ्याकडे असे. आमचे हे वैराग-बार्शीचे बाजार करत फिरायचे, त्यामुळे कोणतं घोंगडं वर मांडायचं आणि कोणतं खाली दाबायचं हे मीच ठरवी. मला मालातलं कळतं असं सगळे म्हणत, आणि मलाही ते पटलेलं होतं.

घोंगडं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कोपरा मुठीत धरतं, मग घडी जमिनीवर उभी करून बघतं. उभी राहिली तर माल चांगला, बसली तर हलका. खरं तर तो ताठपणा लोकरीचा नसतो, खळीचा असतो. चिंचोके वाटून, शिजवून खळ करतात आणि लोकरीला चोळतात. एक-दोनदा धुतलं की ती निघून जाते. मग घोंगडं मऊ पडतं, वीण भरते, आणि तेव्हा कुठे ते खरं उबेला येतं. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. तरी दोघंही उभं करूनच बघतात.

जर्मन युद्ध संपून काही वर्षं झाली होती. लष्कराला खेचरांच्या खोगिराखाली घालायला कांबळी हवी आहेत असं मामंजींच्या कानावर आलं. नमुना पाठवायचा, पसंत पडला तर मक्ता मिळणार. विलायतेच्या गिरण्याही नमुने पाठवणार होत्या. मामंजींनी सांगोल्याकडच्या एका विणकराला बोलावून घेतलं. त्याच्यासारखं घोंगडं दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्याचे भाऊ माग सोडून सोलापुरात गिरणीत लागले होते. मक्ता आला तर ते परत येतील आणि वाडीतले माग पुन्हा चालतील, नाहीतर आपणही गिरणीच धरायची, असं त्याने चहा पिता पिता सांगितलं. सांगताना आवाजही बदलला नाही.

काही आठवड्यांनी विणकर नवरा-बायको घोंगडं घेऊन आले. मी घडी उभी केली. ती जरा कलली.

"खळ कमी पडलीय," मी म्हटलं.

"रोजच्यावानीच हाय की, वैनी," विणकर म्हणाला.

"रोजचं गिऱ्हाईक वेगळं, सरकार वेगळं. हे भिंतीसारखं उभं राहिलं पाहिजे."

त्याची बायको फटकळ होती. "म्हंजी सायबाचं खेचर आदी घडी उबी करून बगनार व्हय? मंग पाटीवर घिनार?"

मामंजी खदखदून हसले. मीही हसले आणि मागच्या चुलीवर चिंचोके चढवले. खळ मी स्वतः शिजवली, चांगली दाट. बायकोने ती कुंच्याने लावली. मी शेजारी उभी राहून, अजून लावा, अजून लावा, म्हणत होते. वाळल्यावर घोंगडं असं ताठ राहिलं की मामंजी म्हणाले, "याला फेटा बांधा, सुभेदार होईल!"

निकाल ऐकायला मामंजी स्वतः पुण्याच्या छावणीत गेले आणि नमुना काखेत मारून परत आले. कुर्डुवाडीला गाडी इतका वेळ थांबली तरी चहा घ्यावासा वाटला नाही, म्हणाले. मग सगळं सांगितलं. आलेले सगळे नमुने तिथे आधी हौदात बुडवतात, पिळतात, वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. आमच्या घोंगड्याने हौद गढूळ केला. गुदामातला मराठी माणूस म्हणाला, "शेटजी, घोंगडं पाठवलंत की आमटी?" लोकर उत्तम आहे, पण वजन फार घटलं. साहेबाने त्याला भेसळ म्हटलं, आणि मक्ता विलायतेच्या एका गिरणीला गेला.

पेठेत सगळे म्हणाले, "तो तिकडेच जायचा होता. बुडवणं, वाळवणं, सगळा देखावा." आमचे हेही तेच म्हणाले. खरंही असेल. पण नाकारायला त्यांना काहीतरी कारण लागलंच असेल ना? ते मी शिजवून दिलं.

विणकर आला तेव्हा मामंजींनी त्याला सांगितलं, "साहेबानं आपल्या मुलखाचं बघितलं, दुसरं काय!" मी मागून ऐकत होते. बाहेर आले आणि हौदाची सगळी हकीकत सांगितली. खळ माझ्या सांगण्यावरून वाढली हे त्याला ठाऊकच होतं.

तो बराच वेळ घोंगड्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "भेसळ म्हनला?"

"हो."

"माज्या मालाला?"

दुकानातल्या माणसाने विणकराची माफी मागावी अशी पेठेत रीत नव्हती, आणि ती रीत मला त्या दिवशी सोयीची वाटली.

दिवाळीच्या आधी त्याने माग उकलला. बिऱ्हाड घेऊन गिरणीच्या चाळीकडे जाताना दोघं दुकानावरून गेली. तोवर मी नमुन्याचं घोंगडं विकायला मांडून बघितलं होतं. धुऊन ते इतकं मऊ आणि दाट झालं होतं की आमच्या दुकानात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. पण गिऱ्हाईक घडी उभी करी, ती बसे, आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाई.

मी ते घोंगडं बायकोच्या हातात द्यायला गेले. म्हटलं, "तुमचंच आहे, घेऊन जा. चाळीत थंडीला उपयोगी पडेल."

तिने हात मागे घेतला. "नगं, वैनी. उबं ऱ्हात न्हाय ते. तुमीच ठिवा."

विणकर खाली बघत होता. ती त्याला म्हणाली, "चला की," आणि दोघं गर्दीत मिसळली.

मी दुकानात परत आले आणि दुपारपर्यंत नेहमीसारखी खळीची घोंगडी उभी करून दाखवत राहिले. दुसरी विकली जात नव्हती.

ते घोंगडं मग आमच्याच घरात राहिलं. टाकून द्यावं असं त्यात काही नव्हतं, आणि चांगली वस्तू टाकण्याचा माझा स्वभाव नाही. आज इतकी वर्षं थंडीत मी तेच पांघरते. कुठे विरलं नाही, एक धागा सुटला नाही. दर वर्षी पेटीतून काढताना मी ते उजेडात धरून बघते. फाटलं असतं तर बरं झालं असतं.