वीस चेंडूंत आठ

आमच्या गावच्या क्रिकेट टीमचा स्कोअरर मी. बॅट धरता येत नव्हती, पण गणित पक्कं होतं, आणि त्याची मला मस्तीही होती. काढलेल्या धावांना खेळलेल्या चेंडूंनी भागायचं, शंभरानं गुणायचं, झाला स्ट्राइक रेट. वाइड मोजायचा नाही. तो फलंदाजाच्या आवाक्यातच नसतो, मग त्याच्या नावावर कसा लावणार? हे मी इतक्यांदा सांगायचो की पोरं माझी नक्कल करायची.

आमचा ओपनर माझा वर्गमित्र. आठवडाभर लोकांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, रोजानं फवारणी करायचा आणि रविवारी मैदानात यायचा. वीस चेंडूंत तीस धावा हे त्याचं नेहमीचं, म्हणजे दीडशेचा रेट. दारव्ह्याची स्पर्धा गाजवून तालुक्याच्या टीममध्ये जायचं, दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. नळी उंच धरून फवारावं लागे आणि औषध उलटून तोंडावर येई. तोंडाला दुपट्टा बांधायचा, एवढीच काळजी.

दारव्ह्याला सेमीफायनलमध्ये त्यानं वीस चेंडूंत आठ धावा केल्या. सोपे फुलटॉस सोडून दिले. मी माइकवरून ओरडलो, "स्ट्राइक रेट चाळीस! बैलबंडी चालली हो!" सगळे हसले. आउट होऊन तो डोळे चोळत माझ्या शेजारी येऊन बसला.

"काहून बे, झोपला होता काय?"

"एका बॉलचे दोन दिसून राह्यले होते गड्या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो. मग कॅप्टनसमोर वही धरली आणि त्या चाळीसवर बोट ठेवलं. फायनलमधून त्याचं नाव कटलं.

पुढच्या रविवारी आम्ही फायनल खेळत होतो, तेव्हा तो फवारणीला गेला. खेळायचंच नाही तर घरी बसून काय करू, असं आईला म्हणाला होता. दुपारी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पडलेला सापडला. फवारणीचं औषध अंगात भिनलं होतं.

यवतमाळच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. त्याचे हात कापत होते. मला त्यानं आवाजावरून ओळखलं.

"वाइड तू मोजत नाही ना?"

"नाही."

"मंग मले जे बॉल दिसलेच नाही, ते कायले मोजले?"

"बरा हो, मंग खोडतो," मी म्हणालो. खोडायचं माझ्या मनातही नव्हतं; इतकं खोटं उत्तर मी आयुष्यात दिलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरवी झाल्यावर मी खोडायला ती वही काढली. त्याच्या नावापुढे सहा आकडे होते आणि चौदा ठिपके, धाव न निघालेल्या चेंडूंचे. त्यातले किती चेंडू त्याला दिसलेच नव्हते, ते मला ठरवता येईना. तो शेजारी बसून सांगत होता तेव्हा मी विचारलं नव्हतं.