वाळवंटातला रेनकोट

काल भाताच्या लावणीला जाताना घालायला म्हणून खुंटीवरचा जुना रेनकोट काढून झटकला आणि त्याच्या खिशातून चिमूटभर वाळू ओटीवर पडली. मोहोपाड्याच्या नोकरीत पहिल्यांदा सलग रजा मिळाली, तेव्हा मी एकटाच मोटारसायकलवर जैसलमेरला गेलो होतो. मी घरातला पहिला पदवीधर, म्हणून आईवडिलांनी तोही हट्ट चालवून घेतला. बाडमेरच्या रस्त्यावर ऊन एकाएकी विझलं आणि समोर काळपट आभाळ जमिनीला टेकलं. आमच्या पोशीर गावच्या माणसाला अंधारून आलं की पाऊसच दिसतो. मी रस्त्याकडेला थांबून रेनकोट चढवला आणि आईला फोन केला, "पाऊस येतोय, फोन लागला नाही तर घाबरू नको." ती हसली, "आपला पाऊस तिकडं नेलास का रं?" तेवढ्यात फोन कट झाला आणि वाळूचं वादळ अंगावर आलं. श्वास घेता येईना, हँडलही दिसेना. मागून ट्रकचा हॉर्न जवळ येत होता आणि मी नेमका कुठे उभा आहे तेच कळेना. गाडी सोडून चाचपडत उतारावर सरकलो आणि रेनकोटात तोंड खुपसून पालथा पडलो. ट्रक अगदी जवळून गेला. इथे काही झालं तर आईला वाटत राहील, पोरगा पावसामुळे कुठेतरी थांबलाय, एवढंच मनात येत होतं. वारा पडला तसा तिचाच फोन आला, "भिजलास का रं?" तोंडातली वाळू थुंकून मी हो म्हणालो. "मंग आदी डोकं पूस." काल ओटीवरची ती वाळू तिनेच केरसुणीने लोटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय कोरडा व्हता रं तुजा पाऊस."