पूजेला ठेवलेली फिरकी

ती घटना आठवायला मला कुठलीही फाईल उघडावी लागत नाही. पोलीस खात्यातून मी मुदतीआधीच बाहेर पडलो. बरेच गुन्हे, कलमं, आरोपींची नावं विसरलो. या प्रकरणात तर शेवटी आरोपीच नव्हता, तरी ते डोक्यातून जात नाही. कुणाचंही नाव न घेता लिहितो.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. मध्य चेन्नईतल्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरकडचं. घरात मराठी, बाहेर सगळा तमिळ कारभार. आयुधपूजा चार दिवसांवर आली होती, म्हणून ठाणं धुऊन काढणं चाललं होतं. त्या गडबडीत एक तक्रार आली: वैद्यकाच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय होतं, तिथली एक जुनी वस्तू गायब झाली होती.

संग्रहालय म्हणजे जुन्या दवाखान्याच्या चार खोल्या. एक निवृत्त डॉक्टरबाई ते चालवत. त्यांचं म्हणणं असं, की काचेमागच्या वस्तू बघायला वस्तीतली माणसं येत नाहीत, तेव्हा वस्तूंनीच त्यांच्याकडे जावं. म्हणून दर रविवारी एक लोखंडी पेटी व्हॅनमध्ये घालून त्या कूवम नदीकाठच्या वस्त्यांत जात, चटया अंथरत आणि प्रत्येक वस्तू लोकांच्या हातात देत. जुना स्टेथोस्कोप, सुईणीची कात्री, औषधाचा खल. गायब झालेली वस्तू होती देवी टोचायची पितळी फिरकी. दांड्याच्या टोकाला दातेरी चकती. दंडावर टेकवून फिरवली की लस आत जायची.

तक्रार बाईंनी केली नव्हती. ती संस्थेच्या सचिवांनी केली. "वस्तू बाहेर नेऊ नका, असं मी पहिल्यापासून सांगतोय," ते म्हणाले. "ही सापडली नाही तर रविवारचं हे सगळं बंद. आणि तो मदतनीसही घरी जाईल."

मदतनीस म्हणजे पंचेचाळिशीचा एक माणूस. लहानपणी देवी येऊन गेलेल्या. चेहरा वणांनी भरलेला, डावा डोळा गेलेला. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी मनात निकाल लावून टाकला. हे कबूल करायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. व्हॅनचा ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात आला. तिकडे साहेबांना 'अय्या' म्हणतात. "रविवारी पेटी भरताना त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी एका म्हाताऱ्याच्या पिशवीत टाकलं, अय्या. मी आरशात पाहिलं." म्हातारा कोण, ते त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं, जुन्या वस्तूंचा दलाल असणार.

मदतनिसाला चौकशीसाठी बोलावलं. सकाळी दहाला यायचं, संध्याकाळी जायचं, असे दोन दिवस. बाकावर बसवून ठेवायचं, मध्येच आत घ्यायचं, तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारायचा. त्यानं एकदाही खोटं सांगितलं नाही.

"दिलं का?"

"दिलं, अय्या."

"कुणाला?"

"ते नाही सांगणार. वस्तू परत येईल. आठवड्याची मुदत द्या."

"आठवड्यात मुंबईला पोचते वस्तू. मला शिकवतोस?"

"तसं नाही, अय्या. तुमची जीप वस्तीत शिरली की पुढच्या रविवारी आमच्या चटईवर कुणी बसणार नाही. त्यांना चटईवर आणायला बाईंना तीन वर्षं लागली."

मला ते नाटक वाटलं. मी म्हणालो, "असलं तोंड घेऊन गर्दीत कुठं लपणार आहेस तू?"

तो शांतपणे म्हणाला, "हे तोंड लपवायचं नाहीच. लोकांना दाखवायचं, हेच माझं काम आहे."

मी त्याच्या डाव्या गालावर चपराक मारली. आंधळ्या डोळ्याच्या बाजूला, म्हणजे हात येताना त्याला दिसलासुद्धा नसेल. आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळं ठाणं एट्टय्या म्हणे, दारात उभे होते. त्यांनी नजर जमिनीला लावली. मदतनिसानं गाल चोळला नाही. "पाणी मिळेल का?" एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी माणूस ज्याच्यावर पोट भरतो ते हत्यार पूजेला ठेवतो. सुतार रंधा ठेवतो, शिंपी मशीन, रिक्षावाला रिक्षा. ठाण्यात टेबलावर पिस्तुलं, बेड्या, काठ्या, वायरलेस, रायटरचा टाइपरायटर, सगळ्यांना चंदन-कुंकू लागलं. जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवली. "अय्या, टाइपरायटरला जास्त कुंकू लावा," एट्टय्या म्हणाले, "ठाण्यात सगळ्यात जास्त माणसं त्यानंच आत टाकलीत."

तेवढ्यात एक निवृत्त कॉन्स्टेबल आला. दर वर्षी यायचा म्हणे. एट्टय्यांनी त्याच्या हातात एक काठी दिली. त्यानं तिला कुंकू लावलं, नमस्कार केला, टेबलावर ठेवली.

"आजोबा, घरी करायची ना पूजा," मी म्हणालो.

"घरी काय ठेवू, अय्या? काठी जमा करून घेतली. पेन्शन येते, पण पूजेला ठेवायला काही उरत नाही."

मी कुंकवाची वाटी हातात धरून तसाच उभा राहिलो. मग आत जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. त्याही तंजावरकडच्या, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच व्हायचं. "बाई, गेल्या रविवारी गेलात त्या वस्तीत देवी टोचण्याच्या खात्यात काम केलेलं कुणी आहे का?"

बाई म्हणाल्या, "अरे देवा. आहे की हो. आणि माझ्या हे डोक्यातच आलं नाही."

जीप ठाण्यातच ठेवली. वर्दी उतरवली आणि मी व एट्टय्या साध्या कपड्यांत चालत गेलो. पत्र्याचं घर. आत पाटावर केळीचं पान, त्यावर चुरमुरे-फुटाणे, आणि मधोमध ती फिरकी. घासून लखलखीत, चंदनाचा टिळा लावलेली. म्हातारबुवा सत्तरीच्या पुढचे. आम्ही पोलीस आहोत हे त्यांना कळलं नाही. पूजेच्या दिवशी आलेले पाहुणे म्हणून त्यांनी ओंजळभर चुरमुरे दिले आणि मला म्हणाले, "दंड दाखवा."

मी बाही वर केली. त्यांनी वणावरून अंगठा फिरवला. "हा फिरकीचा. नीट हात बसलेला होता टोचणाऱ्याचा. तुमचे आईवडील दार लावून बसले नाहीत, म्हणून तुमचा चेहरा असा आहे. आम्हाला बघून लोक दारं लावायचे. मरियम्मन देवी कोपेल म्हणायचे. मी अंगणात बसून राहायचो, दार उघडेपर्यंत."

ही कोणाची, असं मी विचारल्यावर ते गडबडले. काम संपलं तेव्हा सगळी हत्यारं कचेरीत जमा झाली होती. त्या रविवारी चटईवर फिरकी हातात आली आणि त्यांना ती परत करवेना. मदतनिसाकडे एकाच पूजेपुरती मागितली. "सरकारी नोकरी केलेला माणूस मी. दारात पोलीस आले तर मेलोच. त्यानं शब्द दिला, तोंड उघडणार नाही. आज हलवू नका हो. पूजेत ठेवलेलं हत्यार उद्या सकाळीच उचलायचं असतं."

एट्टय्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंचनामा करून वस्तू ताब्यात घेणं हे माझं काम होतं. मी ती तिथंच राहू दिली. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, म्हातारबुवा स्वतः फिरकी घेऊन संग्रहालयात पोचले.

सचिव तरीही मदतनिसाला काढायचं म्हणत होते. विनापरवानगी वस्तू दिली, हे खरंच होतं. डॉक्टरबाईंनी त्यांच्यासमोर कागद ठेवला: जबाबदारी माझी, काढायचं तर आधी मला काढा. सचिव बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग तो विषय कुणी काढला नाही. बाईंनी नियमच केला, की ज्यानं जे हत्यार वापरून नोकरी केली, त्यानं आयुधपूजेला यावं आणि ते आपल्या हातानं पूजावं. पुढच्या वर्षी निवृत्त नर्स आल्या, कंपाउंडर आले, एक क्ष-किरण काढणारे गृहस्थ नातीला घेऊन आले. चार खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. इतक्या साध्या गोष्टीतून इतकी माणसं जोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तक्रार 'गैरसमजुतीतून' म्हणून निकाली निघाली. केस डायरीत सगळं लिहिलं, चपराक सोडून. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं, ते मी घेतलंही.

पूजेनंतरच्या पहिल्याच रविवारी मी त्या वस्तीत गेलो, माफी मागायची म्हणून. मागच्या चटईवर बसलो. मदतनीस पेटीतल्या वस्तू दाखवून झाल्यावर म्हणाला, "आता शेवटची वस्तू," आणि स्वतःचा चेहरा पुढं केला. "हात लावून बघा. हे आता कुणाला होत नाही. माझ्यानंतर असा चेहरा तुम्हाला दिसणार नाही." तो रांगेनं फिरला. बायका, मुलं, म्हातारे, सगळे गालावरून बोटं फिरवत होते. एक मुलगी म्हणाली, "फणसासारखं लागतंय!" सगळे हसले, तोही हसला. मग तो माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला आणि डावा गाल पुढं केला.

माझा हात उठेना. तो थोडा थांबला, घाबरलेल्या पोरांसाठी थांबतो तसा. मग म्हणाला, "राहू द्या, अय्या. आम्ही दर रविवारी येतो."

पोलिसाला खरं-खोटं ओळखायला शिकवतात. त्या माणसानं दोन दिवस मला फक्त खरंच सांगितलं होतं. मी त्याचा चेहरा बघत बसलो, त्याचं बोलणं ऐकलंच नाही. त्यानंतर चौकशीला समोर माणूस आला की मी आधी त्याला पाणी द्यायचो, आणि कागदाकडे बघत त्याचं सगळं ऐकून घ्यायचो.

पुढच्या रविवारी गेलो, तेव्हाही जमलं नाही. तिसऱ्या रविवारी तो समोर आला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि चटईवरच्या सगळ्यांना सांगितलं, की मी पोलीस आहे, आणि काही चूक नसताना मी यांना या गालावर मारलं आहे. नदीच्या वाऱ्यात चटईची कडा फडफडत होती. पहिल्या रांगेतले म्हातारबुवा सरकले आणि त्यांनी मला पुढं, आपल्या शेजारी बसायला जागा केली.