हिरव्या दाराआड न झालेला खून

शेजारीपाजारी त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचे, पण पोलिसात ते एक दिवसही नव्हते. उभं आयुष्य त्यांनी नाटकात काढलं, आणि त्यातही बहुतेक शेवटच्या अंकातला पोलीस म्हणून. नायकाचा सगळा गुंता सोडवून झाला की दारातून आत यायचं, "कोणी जागचं हलू नका," म्हणायचं आणि गुन्हेगाराचं बखोट धरून न्यायचं. उंची, मिशा आणि आवाज त्या कामाला इतके शोभायचे की दुसरं काम त्यांना कुणी दिलंच नाही. पुढे नाटक कंपनी बंद पडली, नाट्यगृहाच्या जागी वाहनतळ उभा राहिला आणि इन्स्पेक्टर घरी बसले.

घरी बसलेला नट म्हणजे बायकोच्या डोक्याला ताप. त्यांची बायको एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला होती. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय ओढत ती घरी यायची, तेव्हा हे खिडकीशी उभे राहून समोरच्या घरात कोण आलं, कोण गेलं यावर भाष्य करत असायचे. ती म्हणायची, "बाहेर पडा हो कुठेतरी. नाहीतर एक दिवस या घरात खरंच खून होईल, आणि मग खरे पोलीस येतील."

म्हणून सहलींचा धंदा करणाऱ्या एका तरण्या मालकाने त्यांना बोलावलं तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. काम असं होतं : दर रविवारी दुपारी वीस-पंचवीस लोकांना शहराच्या जुन्या भागातून पायी फिरवायचं. जुन्या रहस्यकथांत असतात तसे बोळ, कोनाडे, बंद खिडक्या दाखवायच्या, प्रत्येक थांब्यावर एका गुन्ह्याचा थोडा थोडा धागा सोडायचा, आणि शेवटी लोकांनी गुन्हेगार ओळखायचा. फेरीचं नाव 'रहस्यफेरी'. मालकाने लांब कोट दिला, हॅट दिली आणि बोलायचे दोन कागद दिले.

ते कागद वाचून इन्स्पेक्टरांनी कपाळाला हात लावला. ना शेंडा ना बुडखा. पहिल्या थांब्यावर चोरी, दुसऱ्यावर भूत, तिसऱ्यावर चहाची सुट्टी. "हे मी बोलणार नाही," ते मालकाला म्हणाले. "मी लिहितो."

आणि महिनाभर खपून त्यांनी लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोललेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःची वाक्यं लिहिली. बायकोला झोपेतून उठवून ऐकवायचे, ती जांभया देत "छान आहे" म्हणायची. गोष्ट खरोखरच छान होती. जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक अरुंद, दुमजली घर होतं. हिरवं दार, वर एकच खिडकी, तीही कायम बंद. त्या वरच्या खोलीत एका घड्याळजीचा गळा दाबून खून झालेला. दाराला आतून कडी, खिडकीला गज, टेबलावर चहाचे दोन कप, आणि एक अजून गरम. इन्स्पेक्टर आवाज खाली आणून हे सांगायचे तेव्हा माणसं श्वास रोखायची. कुणी विचारलंच, "हे खरं घडलंय का हो?" तर ते मिशीवरून बोट फिरवून नुसते हसायचे. त्या हसण्याने दहा माणसं घाबरायची आणि पुढच्या रविवारी वीस यायची.

घर रिकामं असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. चौकशी करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

एका रविवारी ते नेहमीसारखे हिरव्या दाराकडे हात करून म्हणाले, "आणि याच दारातून, मंडळी, खुनी बाहेर पडला." तर दार उघडलं. आतून एक म्हातारी बाई काठी टेकत पायरीवर आली. पांढरं पातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"कोण बाहेर पडला?" ती म्हणाली. "मी बाहेर पडलेय. बघा नीट. या घरात मी राहते. दर रविवारी माझ्या दारात उभं राहून माझ्या घरात माणसं मारता, लाज नाही वाटत?"

इन्स्पेक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, माझं जरा..."

"इथे कुणीही मेलेलं नाही! कुणाचाही खून झालेला नाही! ऐकलंत सगळ्यांनी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी फोन वर केले. "काय काम केलंय आजींनी!" एक जण म्हणाला. "अगदी खरी वाटते हो," दुसरी म्हणाली आणि फोटोसाठी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हातारीने तिला काठीने बाजूला केलं, तसा हशा पिकला. दार आपटलं. टाळ्या परत वाजल्या.

"मंडळी, हे नाटक नव्हतं," इन्स्पेक्टर घसा फोडून सांगत होते. "त्या बाईंना मी ओळखतही नाही!" त्यांचा आवाज असा कमावलेला की खरं बोलले तरी संवादच वाटायचा. लोक आणखी हसले.

दुसऱ्या दिवशी ते कोट न घालता, साध्या सदऱ्यात त्या दारात गेले. म्हातारीने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळली. ते मागोमाग गेले. ती कधीकाळी इस्पितळात परिचारिका होती आणि सगळी गल्ली तिला अजूनही सिस्टर म्हणायची, हे त्यांना भिंतीवरच्या फोटोवरून आणि दारात डोकावून गेलेल्या शेजारणीच्या हाकेवरून कळलं.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "गुडघे गेलेत माझे. वर चढता येत नाही. म्हटलं, वरची खोली कुणाला तरी द्यावी. पडले-झडले तर हाक मारायला माणूस असेल. एक शिक्षिका आली, तिला खोली आवडली. संध्याकाळी निरोप आला, नको. मग एक जोडपं आलं. त्यांनी तर मलाच विचारलं, प्रेत कुठे होतं? मला काही कळेना. मग शेजारणीच्या सुनेने फोनवर तुम्हाला दाखवलं. हात करून करून सांगताय."

"सिस्टर, मला वाटलं घर रिकामं..."

"माझे मिस्टर त्या खोलीत गेले," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या मांडीवर डोकं होतं. आजारी होते, पण शांत गेले. त्याच खोलीत तुम्ही दर आठवड्याला कुणाचा तरी गळा दाबता."

रंगभूमीवर इन्स्पेक्टरांवर कधी अशी वेळ आलीच नव्हती. तिथे लाज वाटायची ती गुन्हेगाराला.

तिथून ते तडक मालकाकडे गेले. मालक खुशीत होता. "काका, कमाल केलीत! आजींचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. त्यांना दर रविवारी बोलवा ना. दोन मिनिटं ओरडायचं आणि आत जायचं."

"त्या नटी नाहीत. त्यांना त्रास होतोय. तो थांबा बंद करायचा."

"अहो, लोक त्याच थांब्यासाठी येतात!"

"गोष्ट माझी आहे."

"फेरी माझी आहे," मालक हसत म्हणाला, आणि इन्स्पेक्टर हात चोळत बाहेर पडले.

पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा उपाय केला. गल्लीच्या तोंडाशीच सगळ्यांना थांबवून सांगितलं, "त्या घरात काहीही घडलेलं नाही. ही गोष्ट मी माझ्या घरी बसून रचली आहे." एक चष्मेवाले गृहस्थ पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "असं सांगायला तुम्हाला कुणी भाग पाडलंय का?" बाकीचे एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. जितकं नाही म्हणावं तितकी लोकांची खात्री पटायची. पालथ्या घड्यावर पाणी!

मग त्यांनी खूनच हलवला. चार गल्ल्या पलीकडे एक पडकं गोदाम होतं, तिथे घड्याळजीला नेऊन मारलं. पण गोदामाला ना कडी ना गज, तिथे आतून बंद खोली कुठून आणायची? गोष्ट उसवली. लोक जांभया देऊ लागले, आणि "ते हिरवं दार कुठेय?" असं एकाने तोंडावर विचारलं. तक्रारी मालकापर्यंत गेल्या. मालकाने कोट आणि हॅट परत मागितली आणि एका चुणचुणीत मुलीला कामावर घेतलं. तिच्या कानाला माइक होता, आणि हिरव्या दारावर तिची काहीच हरकत नव्हती.

इन्स्पेक्टर आगीतून फुफाट्यात पडले होते. काम गेलं आणि सिस्टरांचं दुखणं तसंच राहिलं. सिस्टरांनी चिडून दार निळं रंगवून घेतलं. त्याच आठवड्यात नवी मुलगी लोकांना सांगू लागली, "हे दार तेव्हा हिरवं होतं, मंडळी. अलीकडेच रंगवलंय. का बरं रंगवलं असेल?"

हे ऐकून ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायकोने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती एकटीच सिस्टरांकडे गेली. नवऱ्याच्या वतीने माफी मागायची आणि परत यायचं एवढाच तिचा बेत होता, पण दोघींचं जमलं. सिस्टरांनी तिच्या सुजलेल्या पायांना गरम पाण्याचं घमेलं दिलं, आणि पाय बुडवून बसल्या बसल्या बायकोने वरची खोली मागून घेतली. आपल्या भाड्याच्या घराला ओल आलीच होती, आणि इथून कारखाना हाकेच्या अंतरावर.

"तुम्हाला भीती नाही वाटणार?" सिस्टरांनी विचारलं.

"त्या माणसाबरोबर संसार केलाय मी," बायको म्हणाली. "मेलेल्या घड्याळजीला काय घाबरायचं?"

सिस्टरांची अट एकच होती. खोलीत राहायचं, पण गोष्टी सांगायच्या नाहीत. इन्स्पेक्टरांनी मान्य केलं. ते सिस्टरांचं दूध आणायचे, औषधं आणायचे, कधी हात धरून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचे. रविवारी फेरी आली की खिडकी बंद करून कानावर उशी दाबून बसायचे.

पण एका रविवारी उकाडा फार होता, खिडकी उघडी राहिली. खालून मुलीचा आवाज आला. "आणि खुनी होता, मंडळी, चहा घेऊन येणारा नोकर!"

इन्स्पेक्टर ताडकन उठले. नोकर? महिनाभर खपून त्यांनी नोकराला गोष्टीतून अलगद बाजूला काढलं होतं. कुठल्याही भिकार गोष्टीत नोकरच खुनी असतो, म्हणूनच तर! त्यांनी गजांना धरून डोकं टेकवलं आणि अख्ख्या नाट्यगृहाला पुरेल अशा आवाजात ते ओरडले, "नोकर नव्हता! नोकर त्या दिवशी सुट्टीवर होता!"

सगळी डोकी वर झाली. कुणीतरी किंचाळलं, "बघा, बघा, साक्षीदार!" मग तेच. टाळ्या, फोन, शिट्ट्या.

"अहो, काय केलंत हे?" बायको मागून म्हणाली.

त्यांना कळलं होतं. इतके दिवस खून झालाच नाही म्हणून सांगत फिरलेल्या माणसाने आज भरगल्लीत साक्ष दिली होती, आणि तीही खुनाच्याच खोलीतून. सिस्टरांपेक्षा, आपल्या शब्दापेक्षा त्यांना ती गोष्ट प्यारी ठरली. संतापाने आणि शरमेने त्यांचे कान तापले.

तो आठवडा सिस्टर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुधाचं भांडं दारातूनच घ्यायच्या. इन्स्पेक्टरांनी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात एका सकाळी दूध घेता घेता सिस्टरांनी त्यांना आत बोलावलं. बराच वेळ त्या पातळाच्या काठाशी चाळा करत राहिल्या.

"नोकर सुट्टीवर होता म्हणालात," त्या म्हणाल्या. "मग मारलं कुणी?"

इन्स्पेक्टर चमकले. शब्द दिला होता. एकदा मोडला होता, परत मोडायचा नव्हता. "कुणी नाही, सिस्टर. खून झालाच नाही."

"ते मला माहीत आहे हो," सिस्टर वैतागून म्हणाल्या. "पण केला कुणी?"